तीन थेंबांची गोष्ट



आमच्या वर्गात एक पृथ्वीगोल आहे. पडून पडून त्याचा आस जरा जास्तच कलला आहे, पण अजून गरगर फिरतो. बाहेर झड लागली आणि मैदानावर जाता आलं नाही, की आम्ही एक खेळ खेळतो. डोळे मिटायचे, गोल फिरवायचा आणि बोट टेकवायचं. बोटाखाली जो देश येईल, तिथं आपण ‘जायचं’. समुद्र आला तर सगळे ओरडतात, “बुडाला, बुडाला!”

मागच्या श्रावणात चौथीतल्या एका मुलीचं बोट उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीवर पडलं. देशाचं नाव कोस्टा रिका. अगदी अरुंद जागी तर हा देश सव्वाशे किलोमीटरही रुंद नाही. एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र आणि मधून डोंगरांची रांग.

मुलीनं विचारलं, “सर, आमी आता तिथं गेलो, त पाऊस असन का?”

असतो की! तिथं प्रशांत महासागराच्या बाजूला मे ते नोव्हेंबर पावसाळा असतो. तिथले लोक स्पॅनिश बोलतात. गंमत अशी, की पावसाच्या दिवसांना ते ‘इनव्हिएर्नो’ म्हणजे हिवाळा म्हणतात, आणि डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या दिवसांना ‘वेरानो’ म्हणजे उन्हाळा! आपण पेटीतून स्वेटर काढतो, तेव्हा त्यांचा ‘उन्हाळा’ सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथला पाऊस मध्येच थोडे दिवस दम खातो. त्याला ते ‘वेरानियो’ म्हणजे छोटा उन्हाळा म्हणतात.

“म्हंजे उघाड!” मागच्या रांगेतून आवाज आला. “आमच्या घरी उघाड पाहूनच डवरणी करतात.”

पाहा, पृथ्वीगोलाच्या पार पलीकडची गोष्ट आमच्या शेतात येऊन पोचली!

पावसामुळे पुष्कळ प्रवासी त्या दिवसांत तिकडे जायचं टाळतात. पण जे जातात, त्यांना वेगळंच काही पाहायला मिळतं. कॅरिबियन किनाऱ्यावर तोर्तुगेरो नावाची जागा आहे. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत तिथं हिरवी समुद्री कासवं रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. डोंगरात पोआस नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या विवरात एक तळं आहे. त्याचं पाणी इतकं आम्लधर्मी, की ते जगातल्या अतितीव्र आम्लधर्मी तळ्यांपैकी एक समजलं जातं. ढग उतरायच्या आत, सकाळी लवकर पोचलं, तरच ते दिसतं.

‘विवर’ हा शब्द कानावर पडताच वर्गात एकच गिल्ला झाला. “सर, विवर त आपल्या लोणारले बी हाय!”

झालं. कोस्टा रिकाचं तिकीट आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. लोणार मात्र एस.टी.च्या टप्प्यात होतं. पण एक अडचण आली. एका मुलाचे आजोबा शाळेत आले आणि म्हणाले, “सर, पावसाळ्यात का कोनी सहल नेते? पोरं भिजतीन, बिमार पडतीन. दिवाळीनंतर न्या ना.”

आजोबांचं चूक नव्हतं. मीही आधी तीन वेळा लोणारला गेलो होतो, ते हिवाळ्यातच. मी म्हटलं, “बाबा, हिवाळ्यात तळं दिसतं. पण पाणी येतं कुठून आणि जातं कुठं, ते पावसातच दिसतं. विवरात उतरणार नाही, नुसतं काठावरून पाहू. आणि तुम्हीही चला.” आजोबा खरंच आले, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन!

काठावर

आम्ही पोचलो तेव्हा बारीक भुरभुर चालली होती. हिवाळ्यात करडा दिसणारा उतार हिरवागार झाला होता. खालून मोरांचा ओरडा येत होता. तळं मात्र दिसेना, सगळीकडे ढगच. मुलं हिरमुसली. मग वारा सुटला, ढग सरकला आणि भलंमोठं ताट उघडावं तसं विवर समोर आलं. सगळे एकदम गप्प झाले. गप्प बसलेली चौथी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली!

हे विवर ज्वालामुखीचं नाही बरं का. आकाशातून आलेली एक उल्का इथं आपल्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसाल्टवर आदळली आणि हा खड्डा पडला. आदळण्याच्या प्रचंड दाबानं इथल्या खडकातल्या खनिजाची काच झाली. ती काच शास्त्रज्ञांना सापडली आणि 1973 साली उल्केचा पुरावा जगासमोर आला. विवराची रुंदी सुमारे 1.8 किलोमीटर आणि खोली सुमारे दीडशे मीटर. वय किती? आधीच्या एका मोजणीत सुमारे 52 हजार वर्षं आलं. नंतर 2011 साली दुसऱ्या पद्धतीची मोजणी प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं आलं! शास्त्रात असं होतं. नवी मोजणी आली, की जुनं उत्तर पुन्हा तपासायचं.

काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा साधारण वीस मीटर उंच आहे. आम्ही तिथं उभे राहिलो आणि मी मुलांना म्हटलं, “आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पडणारे तीन थेंब सांगतो.

पहिला थेंब पडला उत्तरेला, शेगाव-नांदुऱ्याच्या बाजूला. तो गेला पूर्णा नदीत, पूर्णेतून तापीत आणि तापीबरोबर अरबी समुद्रात.

दुसरा पडला आपल्या पायाखालच्या काठाच्या बाहेरच्या उतारावर. तो ओढ्यानाल्यांतून गोदावरीच्या खोऱ्यात गेला आणि थेट बंगालच्या उपसागरात. एकाच जिल्ह्यातले दोन थेंब, पण दोघांचे समुद्र वेगळे! कोस्टा रिकातही असंच होतं. डोंगराच्या एका अंगाचं पाणी प्रशांत महासागरात जातं, दुसऱ्या अंगाचं कॅरिबियन समुद्रात.

आणि तिसरा थेंब...”

तेवढ्यात टाळ्यांचा आवाज आला. एका मुलानं बिस्किटाच्या पुड्याच्या चकचकीत कागदाची होडी केली होती. काठावरून आत उतरणाऱ्या एका ओहळात त्यानं ती सोडली. होडी लाल-पिवळी, पाणी गढूळ आणि उतार जोराचा! होडी दगडांना वळसे घेत झाडीत दिसेनाशी झाली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. खरं सांगतो, मीसुद्धा पिटल्या.

मग पृथ्वीगोलावर बोट ठेवणारी तीच मुलगी म्हणाली, “सर, तिसरा थेंब कोनत्या समुद्रात जाते?”

मी म्हटलं, “कोणत्याच नाही. विवरातून बाहेर पडणारा एकही ओढा नाही, एकही नदी नाही. चहूबाजूंनी काठ. पाणी आत येतं, पण वाहून बाहेर जात नाही.”

ती थोडा वेळ खाली पाहत राहिली. मग म्हणाली, “मंग होडी कुठी जाईन?”

कुणीच बोललं नाही. होडीवाला मुलगा ओहळाकडे धावला. मी त्याचा हात धरला, कारण उतार निसरडा झाला होता. “सर, काढून आणतो न!” तो म्हणत होता. पण होडी केव्हाच खाली गेली होती. आणि त्याला रागवायला मला तोंडच नव्हतं. टाळ्या मीही वाजवल्या होत्या ना!

पाणी उडून जातं, बाकीचं राहतं

मग आम्ही आडोशाला बसून भाकर-ठेचा खाल्ला आणि त्या तिसऱ्या थेंबावरच बोलत राहिलो.

या तळ्यातलं पाणी मुख्यतः एकाच वाटेनं जातं, ती म्हणजे आकाशाची. ऊन पडलं की वाफ होऊन उडून जातं. पण वाफ फक्त पाण्याची होते. पाण्याबरोबर खडकांतून आलेले क्षार खालीच राहतात. आईनं मिठाचं पाणी कढईत आटवलं तर बुडाला काय उरतं? मीठ! इथं हजारो वर्षं तेच चालू आहे. म्हणून तळ्याचं पाणी खारट आणि आम्लारीधर्मी झालं. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. शुद्ध पाण्याचा सामू सात. पोआसचं तळं या मोजपट्टीच्या एका टोकाला, तर आपलं लोणार दुसऱ्या टोकाकडे! जुन्या काळी तळं आटलं की इथला खार गोळा करत. त्याच्या प्रकारांना दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावं होती.

2020 सालच्या जूनमध्ये हेच तळं गुलाबी झालं होतं, आठवतं का? तुम्ही तेव्हा लहान असाल, घरी विचारा. पाणी आटून खारेपणा वाढला होता. अशा खाऱ्या पाण्यात आवडीनं वाढणारे सूक्ष्मजीव खूप वाढले आणि त्यांच्यामुळे रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना आढळलं. पुढे पाऊस आला आणि रंग ओसरला. म्हणजे या तळ्याची नाडी पावसाच्या हातात आहे. त्याच वर्षी लोणारला ‘रामसर स्थळ’ म्हणून जगाच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळालं. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं स्थळ.

आता एक गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होतं. विवराचं तोंड साधारण 25 लाख चौरस मीटर आहे. म्हणजे एक मिलिमीटर पावसाचे झाले 25 लाख लिटर. दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर! आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर आला की काय गर्दी होते, ते मुलांना चांगलं ठाऊक आहे. नुसत्या एका भुरभुरीत अडीचशे टँकर, हे ऐकून आजोबांनीसुद्धा कपाळाला हात लावला. अर्थात सगळं पाणी तळ्यात पोचत नाही. झाडं पितात, माती पिते. पण जे पोचतं, ते वाटेत सापडेल ते घेऊन येतं. माती, पालापाचोळा, शेतातली खतं, आणि आमची होडीसुद्धा.

निघताना गोमुखाची धार पाहिली. ही धार बारमाही वाहते. तिचं पाणी गोडं आणि खाली वाट पाहणारं तळं खारं! होडीवाला मुलगा मात्र तिथंही मान खाली घालून काहीतरी शोधत होता.

एस.टी. यायला वेळ होता. त्यानं माझ्याजवळ येऊन पिशवी उघडून दाखवली. आत चिखलानं माखलेले कागद होते, पुड्यांचे, वेफर्सचे, गुटख्याचे. सतरा! काठावरच्या सपाट वाटेवरून त्यानं ते वेचले होते.

“माहा कागद नाही सापडला,” तो म्हणाला.

मी त्याला ‘शाबास’ म्हटलं नाही. त्याला शाबासकी नको होती, त्याला त्याचा कागद हवा होता. मी पिशवीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून ती गावापर्यंत आणली. आजोबा एस.टी.त म्हणाले, “सर, पुढल्या पावसाळ्यातबी याचं. पन पोरायले बिस्किटं डब्ब्यात देऊ.”

पालकांसाठी दोन शब्द

पावसाळा म्हणून मुलांना घरात कोंडू नका, पण जपून न्या. विवर म्हणजे अभयारण्य आहे. वनखात्याचे नियम पाळा. पाऊस चालू असताना निसरड्या उतारावर उतरू नका. विजा चमकू लागल्या तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत जा. पायात पकड असलेले बूट घाला, पिशवीत कोरडा कपडा ठेवा आणि खाऊ डब्यातूनच न्या. सकाळी लवकर निघा.

करून पाहा

1. पांढऱ्या कागदावर ओली हळद लावून वाळवा. त्यावर एक थेंब लिंबाच्या रसाचा आणि एक थेंब धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा टाका. कोणता थेंब लाल होतो? त्यावरून सांगा, लोणारच्या पाण्यानं काय होईल? (सोड्याचं पाणी मोठ्या माणसाला करायला सांगा. डोळ्यांजवळ नेऊ नका.)

2. पाऊस पडत असताना तुमच्या अंगणातलं पाणी कुठं जातं, ते पाहा. अंगणातून नालीत, नालीतून ओढ्यात, ओढ्यातून कोणत्या नदीत? जमेल तिथपर्यंत वाट शोधा आणि वहीत नकाशा काढा. तुमचा थेंब कोणत्या समुद्रात जातो, ते मला पत्रानं कळवा.

आणि हो, होडी जरूर करा. पण वहीच्या जुन्या कागदाची करा. तो भिजून विरघळतो तरी.

तुमचे,
सर