हजार धावांचे मोल

जानेवारी २०१६ च्या ४ व ५ तारखेला कल्याणच्या युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर जे घडले, त्याला क्रिकेटच्या इतिहासात जोड नाही. आंतरशालेय भंडारी करंडक स्पर्धेत के. सी. गांधी विद्यालयाकडून खेळताना पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार होते. ३ बाद १४६५ या धावसंख्येवर डाव घोषित झाला. प्रतिस्पर्धी आर्य गुरुकुलचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. एका डावात चार आकडी धावा करणारा जगातला पहिला फलंदाज म्हणून एका रिक्षाचालकाच्या मुलाचे नाव लंडन-सिडनीच्या वृत्तपत्रांत झळकले. मुंबई क्रिकेट संघटनेने पाच वर्षांसाठी दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली आणि हा मुलगा भारताकडून केव्हा खेळणार, याची चर्चा लोकलच्या डब्यात सुरू झाली.

हा आकडा नेमके काय मोजतो, हे मात्र त्या गर्दीत कोणी विचारले नाही. प्रतिस्पर्धी संघातील अनेक मुले वयाने लहान होती, मैदानाच्या एका बाजूची सीमारेषा जवळ होती, झेल अनेक सुटले, हे त्या वेळच्या वृत्तांतांतच नमूद आहे. यात प्रणवचा दोष काडीचाही नाही. समोर जो चेंडू येईल तो मारणे हे फलंदाजाचे काम; ते त्याने दीड दिवस न कंटाळता, न चुकता केले आणि एवढी एकाग्रता पंधराव्या वर्षी असणे हाही गुणच आहे. परंतु बाजारातील भाव ज्याप्रमाणे मालाच्या गुणाइतकाच मागणी-पुरवठ्याचाही असतो, त्याप्रमाणे धावसंख्या फलंदाजाइतकीच गोलंदाजांचीही असते. हजार धावांतून गोलंदाजीचे दुबळेपण वजा केल्यावर उरते किती, हे सांगण्याचे साधन कोणापाशीच नव्हते.

प्रणवने मोडलेला विक्रम ११६ वर्षांचा होता. इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजच्या ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने १८९९ मध्ये नाबाद ६२८ धावा केल्या होत्या. तो पुढे सैन्यात गेला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये ईप्रच्या लढाईत मारला गेला. प्रथम श्रेणीचा एकही सामना तो खेळला नाही. शालेय क्रिकेटमधील सर्वांत मोठी धावसंख्या शतकाहून अधिक काळ ज्याच्या नावावर होती, त्याचे क्रिकेट शाळा आणि सैन्यापुरतेच राहिले.

मुंबईच्या हॅरिस शिल्डचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. कांबळी ३४९, तेंडुलकर ३२६. केवळ त्या दिवसाचा धावफलक हाती घेऊन निवड करायची असती, तर पहिला क्रमांक कांबळीला द्यावा लागला असता. आणि ते अगदीच चूक ठरले असते असेही नाही, कारण १९९३ मध्ये त्याने लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके केली. तरीही १९९५ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, तो अखेरची कसोटी खेळला. सतरा कसोटींत ५४ ची सरासरी असलेला खेळाडू बाहेर राहतो आणि दुसरा आणखी अठरा वर्षे खेळतो, याचे उत्तर त्या ६६४ धावांत कोठेही दडलेले नव्हते. त्याच शाळेच्या अमोल मुजुमदारने १९९३-९४ च्या हंगामात रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही. मधल्या फळीतील जागा आधीच भरलेल्या होत्या. गुणवत्ता पुरेशी असूनही रिक्त पद नसेल तर काय होते, हे नोकरीच्या प्रतीक्षायादीवर वर्षे काढलेल्या पदवीधराला समजावून सांगावे लागणार नाही.

विरारचा पृथ्वी शॉ हे अलीकडचे उदाहरण. २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये ५४६ धावा. रणजी पदार्पणात शतक, दुलीप करंडक पदार्पणात शतक, २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणातही शतक. पुढच्या प्रत्येक पायरीची परीक्षा त्याने पहिल्याच दिवशी उत्तीर्ण केली. त्याच्या कसोटी सामन्यांची संख्या मात्र डिसेंबर २०२० मध्ये पाचावर थांबली. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९ धावा काढूनही ती हललेली नाही. तेव्हा शालेय विक्रमवीर पुढे टिकत नाहीत असा उलटा नियम काढणेही तितकेच भाबडेपणाचे. तेंडुलकर त्याच मैदानावरून गेले.

आता याच रेल्वेमार्गावरील दुसऱ्या काही मुलांकडे पाहावे. डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे शाळेत असताना त्याच्या नावाने वृत्तपत्रांचे मथळे सजले नव्हते. कडेवर धाकटे मूल आणि हातात किटबॅग घेऊन आई मैदानापर्यंत पायी नेत असे, रिक्षा परवडत नसे, असे त्याने स्वतः सांगितले आहे. प्रथम श्रेणीत त्याने २००७ मध्ये कराचीत शतकानेच सुरुवात केली. त्यानंतरची पाच-सहा वर्षे रणजीत धावांच्या राशी घालण्यात गेली; कसोटी संघाबरोबर सोळा महिने राखीव म्हणून बसावे लागले; आणि मार्च २०१३ मध्ये दिल्लीला संधी मिळाली तेव्हा धावा झाल्या ७ आणि १. एका डावावरून माणूस चढवणाऱ्यांनी त्याच न्यायाने त्याला उतरवलाही असता. निवड समितीने धीर धरला. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला शतक आले, जुलैत लॉर्ड्सला आले. ॲडलेडच्या ३६ धावांच्या नामुष्कीनंतर डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला कर्णधार म्हणून केलेले शतक तर सर्वांनाच आठवते. ८५ कसोटी आणि पाच हजारांवर धावा. यांतले काय डोंबिवलीच्या शाळेतील धावपुस्तकात दिसले असते?

कल्याणचा तुषार देशपांडे लहानपणी फलंदाज होण्यासाठी शिवाजी पार्कवर चाचणीला गेला होता. फलंदाजांची रांग फार लांब दिसली म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला आणि २०२४ मध्ये हरारेला भारताकडून वेगवान गोलंदाज म्हणून खेळला. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरचा शार्दूल ठाकूर शाळेत एका षटकात सहा षटकार मारून गाजला आणि भारतीय संघात आला तो चेंडू टाकण्यासाठी. २०१८ मध्ये हैदराबादला पहिल्या कसोटीत दहा चेंडू टाकून दुखापतीने त्याला बाहेर पडावे लागले. दुसरी संधी मिळाली जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला; तेथे त्याने सात बळी घेतले आणि ६७ धावाही काढल्या. ज्यांना आपला स्वतःचा हुन्नर कोणता हेही विशीपर्यंत पुरते उमगत नाही, त्यांच्याविषयी चौदाव्या वर्षी निकाल देणारे धाडसीच म्हटले पाहिजेत.

ही अडचण मुंबईच्या निवड समित्यांचीच आहे असेही नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलमधून व्यावसायिक संघ दरवर्षी क्रमवार खेळाडू उचलतात. तेथील ‘क्वार्टरबॅक’ हा खेळाडू संघाचा मेंदू. त्याची पारख करण्यासाठी चित्रफिती, घड्याळे, वजनकाटे, बुद्धिचाचण्या, मुलाखती असा सारा सरंजाम असतो आणि पैसा तर विचारूच नये. एवढे करून १९९८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर उचललेला रायन लीफ काही वर्षांतच निष्प्रभ ठरला आणि २००० मध्ये १९८ खेळाडूंनंतर कोणीतरी नाव घेतलेल्या टॉम ब्रेडीने सात अजिंक्यपदे मिळवली. कारण पुन्हा तेच. महाविद्यालयात समोरचे बचावपटू संथ, आपले सहकारी बलाढ्य आणि विचाराला वेळ भरपूर. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी केड मॅसी यांच्यासह या निवडींचा अभ्यास केला. एकाच जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीच अधिक असते, असे त्यांना आढळले. तरीही संघ पहिल्या क्रमांकांसाठी अवाच्या सवा किंमत मोजतात, कारण आपली पारख अचूक आहे असा प्रत्येकाचा दृढ समज असतो.

मग पारख करूच नये काय? करावी, परंतु कशाची, हे आधी ठरवावे. शालेय गोलंदाजाचा चेंडू येताना पाहून विचार करता येतो. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी पोचतो, तेथे विचार आधीच झालेला असावा लागतो. म्हणून मॅटिंगवरच्या तीनशे धावांपेक्षा ओलसर खेळपट्टीवर, वयाने मोठ्या गोलंदाजांपुढे काढलेल्या चाळीस धावा अधिक बोलक्या असतात. मुलगा बाद कसा झाला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तसाच बाद झाला का, याची नोंद धावांच्या बेरजेहून उपयोगी. पहिल्या हंगामापेक्षा दुसरा हंगाम महत्त्वाचा, कारण तोवर गोलंदाजांनी त्याची दुबळी बाजू हेरलेली असते. अनुभवी प्रशिक्षक हे सारे जाणतात. परंतु त्यांचे शब्द बातमीत येत नाहीत, आकडा येतो.

आणि एवढे पाहूनही अंदाज चुकणारच. खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. अंदाज चुकला तर तोटा कोणी सोसायचा?

एके काळी याला मुंबईत एक व्यवस्थित उत्तर होते. बँका, गिरणी उद्योगसमूह, टाटा, निरलॉन, रेल्वे यांचे संघ टाइम्स शिल्डमध्ये खेळत आणि त्यासाठी खेळाडूंना कायम नोकऱ्या देत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. पण या व्यवस्थेचा खरा लाभ झाला तो वाडेकर-गावसकर होऊ न शकलेल्या शेकडो मुलांना. रणजीपर्यंतही न पोचलेला चांगला क्लब खेळाडू एखाद्या शाखेत लेखनिक म्हणून चिकटे, दुपारी सरावाला जाई आणि निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडे. क्रिकेटवर लावलेल्या आयुष्याचा तो विमाच होता आणि त्याचा हप्ता कार्यालये भरत. त्या संघांपैकी अनेक आता उरलेले नाहीत. उरलेल्यांतही नोकरी मिळते ती बहुतेक नाव झाल्यावर. २००८ पासून आयपीएलमुळे शिखरावरचे बक्षीस कोट्यवधींचे झाले, पण शिखर आणि पायथा यांच्यामधला जो लांबरुंद टप्पा, तेथील आधार निखळला. बक्षीस वाढले, विमा गेला. साहजिकच पैज लावणाऱ्यांची संख्या वाढली आणि हरणाऱ्याची हानीही वाढली. ती आता सर्वस्वी कुटुंब सोसते.

हे कुटुंब ठाण्यात, कल्याणला, डोंबिवलीत राहते. वडील बहुधा नोकरदार. कल्याणहून मुंबईचे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. किटबॅग घेऊन पहाटेच्या लोकलमध्ये उभे राहायचे, सराव करून शाळा गाठायची किंवा चुकवायची, दहावीच्या वर्षी क्लास की शिबिर असा वाद घरात घालायचा, बॅट-पॅडसाठी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घ्यायची, हा क्रम शेकडो घरांत चालू आहे. जागा अकराच.

प्रणवच्या बाबतीत समाजाचे वर्तन कसे झाले, ते आठवण्याजोगे आहे. त्याच वर्षी पश्चिम विभागाच्या सोळा वर्षांखालील संघात एका ख्यातनाम क्रिकेटपटूच्या मुलाची निवड झाली, तेव्हा हजार धावांवर अन्याय झाल्याची ओरड सुरू झाली. तो संघ आंतरराज्य स्पर्धेत खेळलेल्या मुलांतून निवडतात आणि प्रणव मुंबईच्या त्या वयोगटाच्या संघातून खेळलेलाच नव्हता, एवढी साधी गोष्टही कोणी लक्षात घेतली नाही; वाद शमवण्याचे शहाणपण प्रणवच्या वडिलांनाच दाखवावे लागले. २०१७ मध्ये त्यांनी मुंबई क्रिकेट संघटनेला आणखी एक पत्र लिहिले. मुलाची कामगिरी अपेक्षेप्रमाणे होत नाही, सबब शिष्यवृत्ती तूर्त थांबवावी, अशी ती विनंती होती. सचोटीचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण. परंतु सतरा वर्षांच्या मुलाच्या एका वाईट हंगामाचा हिशेब रिक्षाचालक पित्याला द्यावासा वाटला, ही गोष्ट आपण शिष्यवृत्ती कशासाठी देतो यावर प्रकाश टाकते. ती मुलाच्या शिक्षणासाठी होती की डावाच्या आकड्यासाठी?

करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला फार पैसा लागतो असे नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या हद्दीत चांगल्या टर्फ खेळपट्ट्या राखल्या, तर मुलांचे दिवसाचे तीन तास गाडीत जाणार नाहीत आणि शाळाही सुटणार नाही. शालेय सामन्यांच्या धावफलकावर दोन्ही संघांतील खेळाडूंची वये छापली, तर निम्मे मथळे आपोआप लहान होतील. चौदा आणि सोळा वर्षांखालील चाळणीतून गळलेल्यांसाठी एकोणीस आणि तेवीस वर्षांच्या टप्प्यावर खुल्या चाचण्या नेमाने व्हाव्यात. सूर्यकुमार यादव भारताकडून पहिला सामना खेळला तेव्हा तिशी ओलांडून गेला होता. आणि शिष्यवृत्ती द्यायची, तर ती महाविद्यालयाच्या शुल्कासाठी, पदवी हाती पडेपर्यंत द्यावी. मधल्या काळात मुलाने किती धावा केल्या, हे विचारणारा रकाना तिच्या अर्जात असू नये.