सूत, रंग आणि निवडीचा अधिकार

गेल्या मे महिन्यात आपल्या विद्यालयाच्या सभागृहात टकळ्या फिरू लागल्या, तेव्हा त्यावरचा पहिला आक्षेप एका पालकांनी घेतला. मुलाला भेटायला आलेले ते गृहस्थ दारातच थांबले, आतले दृश्य बराच वेळ पाहत राहिले आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, माझ्या आजोबांनी माग सोडला म्हणून माझे वडील शाळेत गेले. तुम्ही माझ्या पोराला परत मागावर बसवता काय?"

"सुट्टीचे दिवस आहेत, मुलांचे मन रमते," असे काहीसे उत्तर मी दिले. ते त्यांना पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. त्यांनी विचारले होते ते करमणुकीबद्दल नव्हते. आपल्या समाजाने मोठ्या कष्टाने जे मागे टाकले, ते पुन्हा आपल्याच शाळेत आपल्याच हातांनी मुलांसमोर का ठेवावे, हा त्यांचा प्रश्न होता. तीस वर्षे इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाने अशा प्रश्नाला घाईघाईने उत्तर देणे योग्य नव्हते. स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर आज सविस्तर देत आहे.

प्रथम घडले ते सांगतो. उन्हाळी सुट्टीत वसतिगृह रिकामे होते, असा बाहेरच्यांचा समज असतो. वास्तविक ज्यांचे आईवडील वीटभट्टीवर किंवा परगावी बांधकामावर गेलेले असतात, अशी काही मुले येथेच राहतात. यंदा तेवीस मुलेमुली होती. विदर्भातील मे महिना; सकाळी दहानंतर मैदानावर पाय ठेवणे अशक्य. म्हणून सकाळी सहा ते नऊ या वेळात कापसापासून कापडापर्यंतचा सगळा प्रवास हाताने करून पाहावा, असे आम्ही ठरवले. सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, टकळीवर कातणे, रंगवणे, लाकडी चौकटीच्या लहान मागावर विणणे, तसेच सुयांवर लोकर विणणे, असा पाच आठवड्यांचा क्रम होता.

आता त्या पालकांच्या आक्षेपाकडे वळतो, कारण त्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. जुन्या मध्य प्रांतातील महार जाडेभरडे सुती कापड विणत असत, याची नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात आहे. एका माजी विद्यार्थ्याच्या वृद्ध आजोबांनी शिबिरात येऊन सांगितले की, त्यांचे वडील विणलेले कापड आठवडी बाजारात नेत तेव्हा घेणारा त्यावर आधी पाणी शिंपडे आणि मगच हात लावी. कापड हवे होते. विणणारा नको होता. पुढे गिरण्या आल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. यंत्राच्या स्वस्त कापडाने गावातले माग बंद पाडले आणि मागावरची माणसे गिरणीच्या दारात उभी राहिली.

यंत्राला जात नसते, असे आपण म्हणतो. गिरणीला मात्र होती. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी अधिक मिळे आणि त्याच खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण असे की, धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या माग चालवला, त्याला विणाईतून हाकलण्यासाठी ओठाएवढे कारण पुरेसे ठरले. हा धडा मुलांना सांगितला तेव्हा धोटा हातात धरलेला एक मुलगा तो बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिला.

कलाकौशल्याच्या शिक्षणामागून जात शाळेत शिरू शकते, याचेही दाखले आहेत. १९५३ साली मद्रास प्रांतात राजगोपालाचारींनी अशी योजना आणली की, मुलाने अर्धा दिवस शाळेत बसावे आणि उरलेला वेळ घरी बापाचा धंदा शिकावा. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा आणि चांभाराच्या मुलाने रापी धरावी, असाच याचा अर्थ होत होता. तीव्र विरोधानंतर १९५४ मध्ये ती योजना मागे घ्यावी लागली. त्याआधी १९३७ साली आपल्या जवळच्या वर्ध्यात गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च भागावा, अशी अपेक्षा त्यात होती. गरिबाच्या मुलाने शिकण्याची किंमत आपल्या श्रमाने चुकवावी, ही अपेक्षा मला तेव्हाही मान्य झाली नसती आणि आजही नाही.

मग टकळी हातात का द्यायची? याचे उत्तर मला विनयपिटकात सापडले.

स्मशानात टाकलेली वस्त्रे कोणी नेसायची, याविषयी आपल्या देशात दोन परंपरा आहेत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रे नेसावीत, असा दंडक आहे. दुसरीकडे तथागतांच्या संघात राजघराण्यातून आलेले भिक्खूही उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून त्यांचे चीवर करीत. त्याला पंसुकूल म्हणतात. चिंधी तीच आहे. एकीकडे ती जन्मावरून लादलेली आहे आणि म्हणून अपमान आहे. दुसरीकडे ती समजून-उमजून स्वीकारलेली आहे आणि म्हणून तिला प्रतिष्ठा आहे. जात म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नसून ती श्रमिकांची विभागणी आहे आणि तिच्यात माणसाच्या आवडीला व कुवतीला स्थान नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या निबंधात दाखवून दिले. तेव्हा अपमान मागात नव्हता. तो मागावर कोणी बसायचे हे जन्माआधीच ठरवण्यात होता. आपण सोडली ती सक्ती. तिच्याबरोबर ज्ञानही सोडून द्यावे, असे बाबासाहेबांनी कोठेही सांगितलेले नाही. त्यांनी ज्यांना गुरू मानले त्या तिघांत बुद्ध आणि जोतीराव फुले यांच्यासोबत विणकराच्या घरातले कबीर आहेत, हेही विसरता येत नाही.

हे ज्ञान किती खोल आहे, याचा अनुभव आम्हाला रंगकामात आला. महावग्गातील चीवरांविषयीच्या प्रकरणात रंगाची माहिती एखाद्या कारागिराने लिहावी इतक्या बारकाईने दिली आहे. सुरुवातीला भिक्खू शेणाने आणि पिवळ्या मातीने चीवर रंगवीत. रंग वाईट दिसे. तेव्हा मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ अशा सहा प्रकारच्या रंगांना अनुमती मिळाली. न उकळलेल्या रंगाला वास येई, म्हणून तो उकळण्याची परवानगी मिळाली. तो पुरेसा उकळला की नाही हे कळावे म्हणून त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहण्याची युक्ती सांगितली. वाळत घातलेल्या चीवराचा रंग एकाच बाजूला ओघळू नये, म्हणून ते पुन्हा पुन्हा उलटावे, असेही सांगितले. आमच्या मुलांनी हे सगळे करून पाहिले. पहिल्याच दिवशी कापड न उलटल्यामुळे आमचा पंचा एका काठाला गडद आणि दुसऱ्या काठाला फिका झाला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंची अडचण मुलांना त्या पंच्यावरून जितकी समजली, तितकी माझ्या तासाला कधी समजली नव्हती.

फाल्गुनात वेचून वाळवलेली पळसाची फुले, डाळिंबाच्या साली, हळद, हिरडा हे सारे येथलेच साहित्य. तुरटीच्या पाण्यात भिजवलेले कापड रंग धरून ठेवते. हिरड्याच्या काढ्यात लोखंडाच्या गंजाचे पाणी घातले की काळा रंग येतो. हळदीचा झळझळीत पिवळा उन्हात आठवडाभरही टिकत नाही. मुलींनी प्रत्येक पट्टी अर्धी झाकून उन्हात ठेवली आणि कोणता रंग किती उडाला, याचा तक्ता केला. कापड आधी नीट उकळून धुतले नाही, तर रंग डागाडागांनी बसतो, हेही कळले. मज्झिम निकायातील वत्थूपम सुत्तात मळक्या वस्त्राला रंग चढत नाही, तसे मळलेल्या चित्ताचे असते, अशी उपमा आहे. ती उपमा मी वर्षानुवर्षे सांगत आलो. यंदा एका सातवीतल्या मुलीने ती मला सांगितली, कारण कापड धुण्यात कंटाळा तिनेच केला होता.

निळीचा दिवस तर कोणी विसरणार नाही. चुना आणि गूळ घालून मुरवलेल्या निळीच्या द्रावणातून कापड बाहेर काढले तेव्हा ते हिरवट-पिवळे होते. हवा लागताच आमच्या डोळ्यांदेखत ते निळे होत गेले. "जय भीम" असा एकच गजर झाला. मग हवेतील प्राणवायूमुळे हा बदल कसा होतो, हे विज्ञानाच्या शिक्षिकेने समजावले आणि मी १८५९-६० मध्ये नीळ पिकवण्याची सक्ती नाकारणाऱ्या बंगालच्या शेतकऱ्यांची, १८९७ पासून जर्मनीच्या कृत्रिम निळीने बदललेल्या बाजारपेठेची हकिकत सांगितली. आपल्या ध्वजाचा रंग पूर्वी कोणाच्या तरी घामाचा आणि कर्जाचा रंग होता, हे आमच्या मुलांना माहीत असलेच पाहिजे.

कातण्याने नम्रता शिकवली. आमचे सूत इतके कमजोर निघाले की ताणा म्हणून लावताच तटातट तुटले. शेवटी उभा ताणा गिरणीच्या सुताचा आणि आडवा बाणा आमच्या सुताचा, अशी तडजोड करावी लागली. पाच आठवड्यांत तेवीस जणांनी मिळून जे कापड विणले, ते एका लहान मुलाच्या सदऱ्याला जेमतेम पुरेल. मुलांनी तासांचा हिशेब मांडला आणि आजच्या मजुरीच्या दराने त्या कापडाची किंमत काढली. आकडा पाहून सगळे हसले, मग गप्प झाले. दुकानातला सदरा स्वस्त मिळतो तो कोणाच्या जिवावर, हा प्रश्न मी विचारण्यापूर्वीच एकाने विचारला.

माझी चूकही नमूद केली पाहिजे. पहिल्या आठवड्यात मी न कळत मुलांना मागावर आणि मुलींना लोकरीच्या सुयांवर बसवले. तिसऱ्या दिवशी एका मुलीने विचारले, "सर, माग कोणाला आणि सुया कोणाला हे कोणी ठरवले?" उत्तर माझ्याकडे नव्हते, कारण ते ठरवणारा मीच होतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास सांगितले आणि त्यांनी ती लगेच बदलली, हे मी दरवर्षी अभिमानाने शिकवतो. माझी सवय मात्र मला दिसली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून सगळे सगळीकडे बसू लागले. सर्वांत सफाईदार मोजा एका मुलाने विणला आणि तो त्याने वीटभट्टीवर असलेल्या आईसाठी जपून ठेवला.

शिबिराच्या शेवटी ते पालक मुलाला न्यायला आले. मुलाने त्यांना ताणा-बाणा समजावून सांगितला, रंगांचा तक्ता दाखवला. त्यांनी सगळे शांतपणे पाहिले. जाताना म्हणाले, "सर, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. उद्या दुसरे कोणी आले तर? अटी लिहून ठेवा." त्यांचे म्हणणे मला शंभर टक्के पटले. म्हणून त्या अटी येथे सर्वांसमक्ष लिहून ठेवतो.

हे काम सर्व मुलामुलींसाठी असेल. कोणाच्या आडनावावरून किंवा घराण्यावरून कोणालाही ते दिले जाणार नाही. ज्याला नको असेल त्याने उठून ग्रंथालयात जावे, त्याला कोणी कारण विचारू नये. गणित, विज्ञान आणि इंग्रजीच्या तासाचे एक मिनिटही यासाठी घेतले जाणार नाही. मुलांनी केलेली एकही वस्तू शाळेच्या खर्चासाठी विकली जाणार नाही. आणि धोट्याची हकिकत सांगितल्याशिवाय कोणाच्याही हाती धोटा दिला जाणार नाही.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी वस्त्र-अभियंता असेल, कोणी रसायनशास्त्र शिकवत असेल, कोणाच्या घरी आजोबांचा जुना धोटा किंवा फणी माळ्यावर पडली असेल. पुढच्या मे महिन्यात एखादा दिवस आमच्यासाठी काढा. ती फणी घेऊन या आणि ती ज्यांची होती त्यांच्याविषयी मुलांना सांगा. आपल्या आजोबांनी माग का सोडला, हे ज्या मुलांना नीट ठाऊक आहे, त्यांना त्या मागाची भीती वाटण्याचे कारण नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!