फिलेचा फुटका दगड

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मुलीकडे न्यूजर्सीला गेले होते तेव्हा पाहिलेलं एक चित्र डोक्यातून जात नाही, म्हणून आज ते उतरवून काढते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एक अख्खं देऊळ आहे, इजिप्तमधल्या डेंडूरचं. आस्वानच्या धरणात बुडणार म्हणून दगड न् दगड सोडवून ठेवलं होतं, ते १९६५ मध्ये अमेरिकेला दिलं. भिंतीवर फॅरो नैवेद्य घेऊन देवांपुढे उभा आहे. नात पाटी वाचून म्हणाली, "आजी, हा तर रोमचा ऑगस्टस!" जन्मभर इतिहास शिकवला, पण हे मला ठाऊक नव्हतं.

ऑगस्टसने इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त जिंकलं. तिथला पवित्र एपिस बैल पाहायला चला म्हटल्यावर, आपण देवांना भजतो, गुरांना नाही, असं सांगून तो गेलाच नाही. आणि इथे तोच इसिसपुढे, ओसायरिसपुढे, शिवाय एका स्थानिक सरदाराच्या देव मानल्या गेलेल्या दोन मुलांपुढे हात पुढे करून उभा! त्याला कोण विचारतो? पूजा फॅरोच्या नावानेच व्हायची असा रिवाज. मग रोममध्ये बसलेल्या माणसाला पुजाऱ्यांनी मुकुट घालून भिंतीवर कोरलं आणि आपलं काम पुढे चालू ठेवलं.

घरी आल्यावर वाचत बसले. (डोळ्यांना त्रास होतो, पण सवय जात नाही.) त्यात कॉर्नेलियस गॅलस भेटला. हा कवी, व्हर्जिलचा मित्र आणि रोमने इजिप्तवर नेमलेला पहिला सुभेदार. त्याने करावरून झालेलं बंड मोडलं आणि इ.स.पू. २९ मध्ये फिले बेटावर तीन भाषांत शिलालेख उभारला. वर घोडेस्वार शत्रूला तुडवतो आहे. खाली मजकूर असा, की पंधरा दिवसांत बंड मोडलं, पाच शहरं घेतली, आणि जिथे रोमचं सैन्य किंवा इजिप्तचे राजेसुद्धा पोचले नव्हते तिथे आपण पोचलो. हे शेवटचं साफ खोटं! इजिप्तचे राजे त्याआधी हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पार सुदानात गेले होते.

आता ऑगस्टस स्वतःला हुकूमशहा म्हणवत नसे, नुसता पहिला नागरिक म्हणे. पण जिथे सगळं एकाच माणसाच्या मर्जीवर असतं तिथे वर जायला शिडीही एकच, आणि प्रत्येकाचा पाय दुसऱ्याच्या बोटांवर. गॅलसचाच सोबती व्हॅलेरियस लार्गस याने त्याच्यावर आरोप केले. मर्जी गेली, खटले झाले, आणि इ.स.पू. २६ च्या सुमारास गॅलसने आत्महत्या केली. कालपर्यंत त्याच्या दारात असणारी मंडळी लार्गसकडे वळली. पुढे प्रोक्युलियस नावाच्या एका गृहस्थाला लार्गस भेटला, तेव्हा त्याने आपलं नाक-तोंड हाताने दाबून धरलं. या माणसासमोर श्वास घेणंसुद्धा धोक्याचं, असं त्याला सुचवायचं होतं. कॅसियस डिओ या इतिहासकाराने ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे.

मला ऑगस्टसचा नाही, त्या वळलेल्या मंडळींचा राग येतो. आणि खरं सांगायचं तर तो राग माझ्यावरही येतो. आमच्या शाळेत हेडसरांचं संस्थेशी बिनसलं, त्यांच्यावर खोटे ठपके आले. मला पर्यवेक्षक व्हायचं होतं. मी त्यांच्या घरी जाणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं मला तसं. पद मिळालं. सर गेले तेव्हाही मी गेले नाही. घरात हे आज पहिल्यांदाच कळेल.

असो. गॅलसच्या दगडाचे फोडून दोन तुकडे केले गेले आणि फिलेवरच्या ऑगस्टसच्या देवळाच्या कामात ते वापरले गेले! १८९६ मध्ये सापडला तो दगड, आता कैरोच्या संग्रहालयात आहे. त्याच बेटावर इसिसची पूजा मात्र पुढे पाचशेहून अधिक वर्षं चालली. ते पुजारी काही संत नव्हते, देवळाच्या जमिनी राखायच्या होत्याच. पण सम्राट कोण, याने त्यांचं अडत नव्हतं. भिंतीवर नाव बदललं की झालं. सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली त्यानंतरही फिले चालूच होतं, शेवटी सहाव्या शतकात जस्टिनियनने ते बंद केलं.

तिथेच २४ ऑगस्ट ३९४ चा एक लेख आहे, चित्रलिपीतला आपल्याला माहीत असलेला शेवटचा. मंडुलिस देवाच्या चित्राशेजारी एका पुजाऱ्याने कोरला. आपलं नाव, वडिलांचं नाव, इसिसचा दुसरा पुजारी हे पद, आणि तिथी म्हणजे ओसायरिसचा जन्मदिवस. मी फोटो मोठा करून पाहिला. अक्षर काही वळणदार नाही. हात बसलेला नव्हता बिचाऱ्याचा, आम्हा शिक्षकांना ते लगेच कळतं. पण बाप-लेकाचं नाव अजून वाचता येतं.