थेंबाथेंबाने वाढणारा दगड



लेणी म्हटली की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवते. ती माणसाने छिन्नी-हातोड्याने काळ्या कातळात कोरली. पण निव्वळ पाण्याने कोरलेली आणि पाण्यानेच सजवलेली गुहा बघायची असेल, तर गडचिरोलीच्या शेजारी, छत्तीसगडच्या बस्तरमध्ये जावे. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या काही शेतकऱ्यांबरोबर जगदलपूरकडे जाणे झाले आणि कांगेर खोऱ्यातली कुटुमसरची गुहा पाहिली. हे खोरे १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत त्याचे नाव गेले. गुहेचा अभ्यास करून ती लोकांपुढे आणली डॉ. शंकर तिवारी यांनी, १९५० च्या दशकात.

तोंड अरुंद आहे. वाकून, अंग चोरून खाली उतरावे लागते. आत मिट्ट काळोख आणि दमट हवा. वाटाड्याने दिवा वर धरला आणि सगळे गप्पच झाले. छतावरून दगडाची झुंबरे लोंबत होती, खालून दगडाचे कोंब वर आलेले. भूगोलाच्या पुस्तकात यांनाच अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणतात. नावात लवण असले तरी हे मीठ नव्हे, हा चुना आहे.

तेवढ्यात आमच्यातल्या एका भाऊंनी हात वर केला. म्हणाले, "साहेब, एवढासा तुकडा नेतो ना, पोराले दाखवाले." वाटाड्या पोरगा विशी-बाविशीचा, तिथल्याच गावचा. त्याने हात जोडून त्यांना थांबवले. त्याने का थांबवले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

पावसाचे पाणी जमिनीत मुरते तेव्हा वाटेत त्याला मातीतली हवा भेटते. पिकांची, झाडांची मुळे श्वास घेतात, पालापाचोळा कुजतो, त्यामुळे या हवेत कार्बन डायऑक्साइड वायू बाहेरच्या हवेपेक्षा दहापट, कधी शंभरपटही असतो. तो पाण्यात विरघळला की पाणी किंचित आंबट होते, सोड्याच्या बाटलीतल्या पाण्यासारखे. असे पाणी चुनखडकाच्या भेगांत शिरते आणि चुना विरघळवत जाते. हजारो, लाखो वर्षांत भेगेचे भुयार होते.

पुढे हेच चुना प्यालेले पाणी गुहेच्या छताला येऊन लोंबते. गुहेच्या हवेत तो वायू कमी असतो, म्हणून तो थेंबातून उडून जातो. वायू गेला की चुना पाण्यात राहू शकत नाही. त्याचे बारीक कडे थेंबाभोवती बसते. कड्यावर कडे बसत पोकळ नळी तयार होते. नळी बुजली की पाणी बाहेरून ओघळते आणि झुंबर जाड होते. खाली पडलेल्या थेंबातला उरलेला चुना जमिनीवर साचून कोंब वर येतो. दोन्ही भेटले की खांब.

वाढीचा वेग जागेप्रमाणे बदलतो, पण साधारण हिशेब धरा वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग. म्हणजे १६७४ साली शिवरायांचा राज्याभिषेक झाला त्या दिवशी सुरू झालेले झुंबर आज जेमतेम दीड इंच भरेल! भाऊंना हवा होता तो तुकडा वीतभर होता. नुसता हात लावला तरी अंगाचे तेल दगडाला लागते, दगड काळा पडतो आणि तिथे चुना नीट बसत नाही.

हे दूरचे वाटते काय? तुमच्या ठिबकच्या तोट्या पांढऱ्या होऊन बुजतात, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पापुद्रा धरतो, काळ्या रानात चुनखडीचे खडे निघतात. कारखाना तोच, माल तोच. आपण तो ॲसिडने धुऊन काढतो, तिथे तो जपायचा आहे, एवढाच फरक.

मला सांगायचे आहे ते पुढेच. गुहा जमिनीखाली असली तरी तिचे पोषण वरच्या मातीत आहे. वरचे जंगल तुटले, माती वाहून गेली, तर पाणी मुरायचे आणि आंबट व्हायचे थांबते. मग झुंबराची वाढही थांबते. आणि चुनखडकात पाणी गाळून निघत नाही, भेगांतून सरळ पळते. वर जे टाकाल ते खाली झऱ्यात, विहिरीत येते.

म्हणून वणी, राजुरा, कोरपना या चुनखडकाच्या पट्ट्यातल्या सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती आहे. शोषखड्ड्याची जागा विहिरीपासून दूर धरा. मेलेली जनावरे, औषधांचे रिकामे डबे भेगांत आणि पडक्या विहिरीत टाकू देऊ नका. बांधावरची झाडे राखा.

आणि कुटुमसरला जरूर जा, पण पावसाळा सोडून, कारण तेव्हा गुहेत पाणी भरते आणि ती बंद असते. वाटाड्याचे ऐका आणि हात खिशात ठेवा. आमचे भाऊ रिकाम्या हातानेच परतले. गाडीत म्हणाले, "पोराले घेऊनच येतो आता." तुम्हीही तसेच करा.