मौजे राळेगण सिद्धी : नाव, अंक आणि हरवणारा ‘ळ’

१/१०
जुन्या दस्तऐवजांत गावाचा उल्लेख ठरावीक क्रमाने येतो : मौजे राळेगण सिद्धी, तालुका पारनेर, जिल्हा अहमदनगर. लहानाकडून मोठ्याकडे जाणाऱ्या या क्रमामागे व्यवहाराची गरज होती. पारनेर तालुक्यातच राळेगण थेरपाळ आहे, शेजारच्या नगर तालुक्यात राळेगण म्हसोबा आहे. नुसते ‘राळेगण’ लिहिले, तर पत्र कोठे जावे? नावावरून ठिकाण शोधण्याचा हाच प्रश्न पुढे संगणकांच्या जाळ्यापुढे उभा राहिला.

२/१०
टपाल खात्याने या प्रश्नाला अंकांचे उत्तर दिले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड लागू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयातील अधिकारी, मराठी गृहस्थ आणि संस्कृत कवी. सारख्या नावांची गावे, अशुद्ध पत्ते आणि देशातील अनेक लिप्या या तिन्ही अडचणींवर त्यांनी सहा अंकांचा तोडगा काढला. राळेगण सिद्धीच्या पत्त्यातील ४१४३०२ मध्ये पहिला ४ पश्चिमेकडील विभाग सांगतो, पहिले तीन अंक वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय.

३/१०
या योजनेतील मोठी गोष्ट सहसा नजरेतून सुटते. वेलणकरांनी कोणत्याही गावाला नाव बदलायला लावले नाही, की कोणाला आपली लिपी सोडायला सांगितले नाही. नाव माणसांसाठी तसेच राहिले; वर्गीकरणाच्या सोयीसाठी अंक त्याच्या शेजारी येऊन बसले. या धाग्याचा सारा युक्तिवाद याच एका निर्णयावर उभा आहे.

४/१०
त्याच काळात अमेरिकेतील अर्पानेट जाळ्यावर प्रत्येक यंत्राचे नाव आणि अंकी पत्ता एकाच फाइलीत नोंदला जाई. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या चमूकडे ही यादी असे आणि इतर सर्वजण तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी यादी फुगली आणि एक नाव दोघांना देता येईना. सबंध जाळ्यात एकच ‘राळेगण’ असू शकेल, अशी ती अवस्था होती.

५/१०
१९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नामव्यवस्था मांडली. एका वहीऐवजी अधिकार वाटून दिले गेले : प्रत्येक शाखेने आपल्या खालची नावे सांभाळावीत आणि वरच्याने फक्त ‘पुढे कोणाला विचारावे’ एवढे सांगावे. नाव लिहिताना लहान घटक आधी येतो, शोध मात्र शेवटच्या घटकापासून सुरू होतो. टपाल कार्यालयात पाकीट आधी जिल्ह्यावरून, मग गावावरून लावतात, तसेच हे. ‘मौजे, तालुका, जिल्हा’ या रचनेत वाढलेल्या वाचकाला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही.

६/१०
पर्ल, पीएचपी, पायथन या स्क्रिप्टिंग भाषांनी हा सारा प्रवास एका ओळीत बसवला. युनिक्सच्या बर्कली आवृत्तीतून आलेले ‘गेटहोस्टबायनेम’ हे फंक्शन तिन्हींत आढळते : नाव द्या, पत्ता घ्या. पण त्या एका ओळीत जुन्या काळाची गृहीतकेही दडली आहेत. पायथन आणि पीएचपीमधील हे फंक्शन चार भागांचा जुना पत्ताच देते. त्या पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा, राळेगण सिद्धीचे नाव देशभर गाजले त्याच २०११ साली, फेब्रुवारीत संपला. नव्या, लांब पत्त्यांसाठी ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ वापरावे लागते. पीएचपीत तर नाव सापडले नाही, तर दिलेले नावच जसेच्या तसे परत येते. बेसावध प्रोग्रॅमर त्यालाच पत्ता समजतो.

७/१०
नाव आणि अंक वेगळे ठेवण्याचे मोल बदलाच्या वेळी कळते. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण ४१४ हे अंक तसेच राहिले. जाळ्यावर उलट घडते : यंत्र दुसरीकडे हलते, अंक बदलतात, नाव टिकते. म्हणूनच प्रोग्रॅममध्ये अंकी पत्ता कायमचा कोरून ठेवणे हा आळस ठरतो. ज्याने नाव विचारले, त्याचा प्रोग्रॅम स्थलांतरानंतरही चालतो.

८/१०
मात्र नाव कोणत्या लिपीत असावे, हे या व्यवस्थेने फार काळ रोमन अक्षरांपुरतेच ठरवले होते. रोमनमध्ये ‘राळेगण’ आणि ‘रालेगण’ एकच होतात. ‘ळ’ जातो, ‘ण’ही जातो. २००३ साली इतर लिप्यांतील नावे रोमन संकेतात गुंडाळण्याची पद्धत ठरली आणि २०१४ साली देवनागरीतील ‘.भारत’ खुले झाले. तरीही त्या पहिल्या नियमांना मराठीची नीट ओळख नव्हती. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो. त्यातला एक प्रकार न दिसणाऱ्या जोडचिन्हावर अवलंबून आहे, आणि २००३ चे नियम ते चिन्ह गाळून टाकतात. मग डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्राचा ‘दर्या’ होतो. २०१० च्या नियमांनी हलन्तानंतर त्या चिन्हाला जागा दिली. पायथनची अंगभूत सोय मात्र अजून २००३ च्याच नियमांवर चालते.

९/१०
यावर एक आक्षेप रास्त आहे : अनेक लिप्या आल्या, की सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी फसवणूक सोपी होते. धोका खरा आहे. पण त्याचा उपाय नोंदणीचे नियम कडक करणे हा आहे. लिपीच नाकारणे हा नव्हे. गावांची नावे सारखी होती म्हणून १९७२ साली गावांना रोमन नावे घ्यायला कोणी सांगितले नव्हते. गोंधळ निस्तरण्याचा भार व्यवस्थेने उचलला आणि माणसाच्या तोंडचे नाव माणसाकडेच राहिले.

१०/१०
इतिहासाची आवड असलेल्या आणि हाताशी संगणक असलेल्या तरुण पिढीने हा हिशेब नीट समजून घ्यावा. जुने कागद वाचताना एका अक्षराच्या फरकाने गाव बदलते, हे तिला ठाऊक आहे. तीच दक्षता प्रोग्रॅम लिहितानाही हवी : तपासणीच्या नावांत रोमन नावांबरोबर एखादे ‘राळेगण’ आणि एखादी ‘दऱ्या’ असावी. उद्याचे दफ्तर यंत्रांतच राहणार आहे. त्या दफ्तरात ‘मौजे राळेगण सिद्धी’ आपल्या ‘ळ’सह सापडेल की नाही, हे आज लिहिल्या जाणाऱ्या अशाच एका-एका ओळीवर ठरेल.