इंटरनेटचेही आवर्तन ठरवा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वस्तीकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला चर खोदताना इंटरनेटची केबल तुटली. आज जोडू, उद्या जोडू म्हणता म्हणता बावीस दिवस गेले. वस्ती खोलगट भागात, त्यामुळे मोबाइलची रेंज यथातथाच. फोन लागतो, पण नेट म्हणाल तर नुसते गरगर फिरत राहते. पेरणीचे दिवस आणि घरात नेट नाही! पहिले दोन दिवस आम्ही किती चिडचिड केली, ते घरच्यांना विचारा.

वाचकहो, तक्रार मांडण्यासाठी हे लिहीत नाही. केबल तुटते, पुन्हा जोडली जाते. पण त्या बावीस दिवसांत जे ध्यानात आले, ते शेतकरी बंधूंच्या आणि गावकारभाऱ्यांच्याही कामाचे आहे.

तिसऱ्या दिवशी तालुक्याला जायचे होते. तिथे नेट मिळणार म्हणून निघण्याआधी कागदावर यादी केली. हवामानाचा अंदाज, बाजार समितीतला कांद्याचा भाव, सातबाराचा एक उतारा, बँकेतली शिल्लक आणि मुलीच्या प्रवेशाची यादी. झाली पाच कामे. एसटी स्टँडजवळ बसून ती उरकली आणि घड्याळ पाहिले, तर अर्धा ताससुद्धा झाला नव्हता. मग घरी रोजचे तीन-तीन तास आपण करत होतो तरी काय? उत्तर देताना आमचे आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले.

हवामानाचेच घ्या. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. रोजचा पावसाचा अंदाज एकदा पाहिला, इशारा असला तर आणखी एकदा, की भागते. आम्ही मात्र दिवसातून दहा वेळा ढगांची चित्रे पाहायचो आणि कुणीतरी पाठवलेला मागच्या साली झालेल्या गारपिटीचा व्हिडिओ आजचा समजून धास्तावायचो. दहा वेळा पाहिले म्हणून पाऊस काही तासभर आधी आला नाही. भावाचेही तसेच. माल बाजारात न्यायच्या आदल्या दिवशी भाव पाहणे हे काम झाले. कांदा चाळीत पडलेला असताना तासातासाला भाव पाहणे, ही नुसती जिवाची घालमेल.

सोयाबीनच्या बीजप्रक्रियेबद्दल शंका आली, तेव्हा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर साधा फोन लावला. २००४ सालापासून ही सोय आहे. सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत चालते, फोनचे पैसे पडत नाहीत. याला नेट लागत नाही, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

म्हणून नेट वाईट असे कुणी समजू नये. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, त्यासाठी पूर्वी किती खेटे घालावे लागत ते ज्याचे त्याला ठाऊक. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः करू लागला. ही सोय सोडून द्या म्हणणारा शहाणा नव्हे.

पण या सोयीची दुसरी बाजूही त्याच दिवसांत दिसली. शेजारच्या वस्तीवर एक आबा आहेत. साधा बटणांचा फोन वापरतात. शेतकरी ओळख क्रमांकाचे शिबिर गावात झाले आणि आम्हा दोघांनाही ते दुसऱ्या दिवशी कळले. निरोप फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला होता. फळ्यावर काही नाही, दवंडी नाही. आम्ही कारभाऱ्यांच्या नावाने बोटे मोडत होतो, तर आबा शांतपणे म्हणाले, "तुझं नेट आज ना उद्या जोडतील. माझं काय?"

खाली मान घातली. आमचे बावीस दिवस म्हणजे आबांचे बारा महिने. आणि केबल धड होती तेव्हा असे कितीतरी निरोप आम्ही वाचले होते. "ग्रुपवर आलंय की" म्हणून आबांना सांगायला गेलो नव्हतो. बांधाला बांध लागून आहे, तरी.

तेव्हा गावकारभाऱ्यांना विनंती आहे. निरोप ग्रुपवर जरूर टाका, पण त्याच दिवशी फळ्यावरही लिहा आणि देवळाच्या भोंग्यावरून सांगा. ज्याच्याकडे साधाच फोन आहे, त्याची कामे करून द्यायला ग्रामपंचायतीत आठवड्यातला एक वार ठरवा. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, कालव्याचे पाणी आवर्तनाने येते म्हणून आपण सऱ्या नीट करून, रात्री जागून बारे देतो. थेंब वाया जाऊ देत नाही. विहिरीवरची मोटार मात्र चालूच राहिली, तर पीक पिवळे पडते आणि जमीन चोपण होते. नेटचेही असेच आहे. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास असे आवर्तन ठरवा. आधी कामांची यादी करा, मग फोन हातात घ्या. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली गावालाच अशी शिस्त लावली. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघर मोबाइल आणि टीव्ही बंद, साडेआठला दुसरा भोंगा. तेवढ्या वेळात पोरांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी घरात बोलायचे. एका गावाला जमले, ते दुसऱ्याला का जमू नये? ग्रामसभेत विषय तरी काढून पाहा.

तेविसाव्या दिवशी आमची केबल जोडली गेली. यादीचा कागद मात्र अजून भिंतीवर आहे. त्यात आता सहावे काम लिहिले आहे : आबांना निरोप सांगणे.