स्थलांतरित स्त्रीचे माहेर कोठे?

दिवाळी सरली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कातकरी वाड्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दुसरीकडे खोपोली-रसायनी पट्ट्यातील कारखाने आणि कर्जत-नेरळ परिसरातील बांधकामे यांच्या ओढीने परप्रांतीय कुटुंबे येथे येऊन चाळींत राहतात. या ये-जा करण्याची चर्चा रोजगाराच्या व मुलांच्या शाळागळतीच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. या स्थलांतरात घराच्या आत मार खाणाऱ्या स्त्रीचे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

वाडीवर मारहाण होत नाही, असे नव्हे. परंतु तेथे बाईचे माहेर बहुधा जवळच्याच एखाद्या वाडीवर असते. अंगावर वळ उठले, तर मुलाला कडेवर घेऊन ती संध्याकाळपर्यंत आईच्या दारात पोहोचू शकते. भाऊ, मामा, वाडीतील जाणती माणसे नवऱ्याला जाब विचारू शकतात. भट्टीवर हा आधार तुटतो. तेथे मजुरी हजार विटांमागे, नवराबायकोच्या जोडीने मोजली जाते. उचल नवऱ्याच्या नावावर आणि हिशेबाची वही मालकाकडे. बाई निघून गेली तर जोडी मोडते व उचल फिटत नाही. म्हणून मुकादमही तिची समजूत काढून तिला त्याच झोपडीत परत धाडतो. दिवसभर राबूनही तिच्या पदरी एसटीच्या भाड्यापुरते पैसे नसतात.

या सर्वांचे खापर दारूवर फोडण्याची एक सोयीची रीत आपल्याकडे आहे. दारूमुळे संसार उद्ध्वस्त होतात, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु प्यालेला नवरा मुकादमावर हात उगारत नाही, बायकोवरच उगारतो, हेही ध्यानी घ्यावे.

हा केवळ गरिबांचा प्रश्न आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. लंडनमध्ये १९७९ साली ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’, न्यू जर्सीत १९८५ साली ‘मानवी’ आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली ‘सखी’ या संस्था उभ्या राहिल्या, त्या आशियाई स्थलांतरित घरांतील छळ झाकला जात होता म्हणूनच. तेथे पुष्कळदा पत्नीचा व्हिसा पतीच्या नोकरीवर अवलंबून असतो. भट्टीवर जे काम उचल करते, ते तेथे व्हिसा करतो. शिवाय परक्या भाषेत दुःख सांगता येत नाही. खालापुरातील चाळीत राहणाऱ्या भोजपुरी वा उडिया बोलणाऱ्या बाईची हीच अडचण आहे.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे गेलेला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या कलम २७ नुसार स्त्री जेथे तात्पुरती राहते किंवा काम करते, तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडेही तिला दाद मागता येते. म्हणजे भट्टीवरच्या बाईने न्यायासाठी आधी मूळ गावी परतण्याची आवश्यकता नाही. विवाहसदृश संबंधात राहणाऱ्या स्त्रीलाही हा कायदा संरक्षण देतो. खर्चाअभावी लग्नविधी लांबलेल्या जोडप्यांच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. सर्वांत महत्त्वाचे कलम ४ चे आहे. असा छळ होत असल्याचे सकारण वाटल्यास कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकतो, आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘उगाच कोर्टकचेरी मागे लागेल’ ही सबब त्यामुळे उरत नाही.

आणि तरीही बायका बोलत नाहीत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी मदत मागितली होती. त्यांच्या मौनाला आपणही थोडेफार जबाबदार आहोत. रडत आलेल्या स्त्रीला ‘सहन कर, आपला क्रूस वाहा’ असे सांगून आम्हां धर्मगुरूंपैकी अनेकांनी परत पाठविले आहे. त्या अनेकांत आम्हीही होतो, हे येथे नमूद केले पाहिजे. वास्तविक जोडीदाराकडून शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर विभक्त राहण्यास चर्चच्या कायद्याचे कलम ११५३ मुभा देते. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या ‘अमोरिस लेतित्सिया’ या प्रबोधनपत्रात घरातील मारहाणीला पुरुषी सामर्थ्य नव्हे, भेकडपणा म्हटले आहे.

मदतीची ठिकाणे आहेत. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीसाठी ११२ आहे. तालुका विधी सेवा समितीकडून कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळू शकतो. परंतु ज्या बाईचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो, तिच्यासाठी तो क्रमांक दुसऱ्या कोणी तरी फिरवावयास हवा. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग, आणि कर्जतहून तेथे जाऊन येण्यात एक दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा पहिला आधार भट्टीशेजारचे गाव, अंगणवाडी सेविका, आशाताई, जवळच्या दवाखान्यातील धर्मभगिनी हाच असणार. ‘पडले’ असे सांगणाऱ्या बाईला नवऱ्यापासून बाजूला नेऊन पुन्हा एकदा विचारणे, एवढे तरी त्यांना करता येईल.

येत्या दिवाळीनंतर वाड्यांवरून गाड्या निघतील, तेव्हा कोणती बाई कोणत्या भट्टीवर चालली आहे, याची नोंद वाडीतच कोणी तरी करून ठेवावी, आणि महिन्याकाठी तिच्या माहेरच्या माणसाने तेथे एक खेप घालावी. भाड्याचे पैसे धर्मग्रामाच्या मदतनिधीतून देता येतील.